दोन टेबलांच्या मध्ये अडकलेला अर्ज

प्रति,
सोलापूर शहर-जिल्ह्यातल्या नाट्य, संगीत आणि लोककला संस्थांना निधी देणारे सर्व अधिकारी, पदाधिकारी आणि विश्वस्त

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कुणा एका कार्यालयाच्या नावाने लिहिलेलं नाही. नाव घातलं की खुलासा येतो आणि उत्तर राहून जातं, हा जुना अनुभव आहे. ज्यांच्या टेबलावरून आमचा अर्ज फिरला ते ओळखतील. ज्यांच्याकडे असा अर्ज कधी आलाच नाही, त्यांनी तो का आला नाही याचा विचार करावा.

आमची हौशी नाट्यसंस्था आहे. वर्षाला एक नाटक, जमलं तर एखादी एकांकिका. खर्च वर्गणीतून. गेल्या वर्षी आम्ही ठरवलं की या वेळचे दोन प्रयोग असे करायचे, की व्हीलचेअरवरचा, कमी ऐकू येणारा, न दिसणारा माणूसही तिकीट काढून रीतसर बघू शकेल. हिशेब मांडला. दरवाजापुढे लावायचा सुटा रॅम्प २३,००० रुपये. रंगमंचाच्या वरच्या बाजूला संवाद दाखवायला प्रोजेक्टर आणि पडद्याचं भाडं ५,०००. सांकेतिक भाषेचे दोन दुभाषे, दोन प्रयोग, १२,०००. दोन कशाला असं विचाराल म्हणून सांगतो : दोन तास सलग हात हलवून बघा. मोठ्या अक्षरातली आणि ब्रेलमधली पत्रकं २,०००. एकूण ४२,००० रुपये. एवढाच अर्ज.

सांस्कृतिक टेबलावरून उत्तर आलं की ही बाब दिव्यांग कल्याणाची आहे, तिकडे मागणी करावी. दिव्यांग कल्याणाच्या टेबलावरून उत्तर आलं की आपली संस्था दिव्यांगांसाठी काम करणारी नसून नाटक करणारी आहे, सबब सांस्कृतिक बाबीतून मागणी करावी. दोन्ही पत्रांवर जावक क्रमांक आहे, सही-शिक्का आहे. दोन्ही आपापल्या जागी बरोबरच असतील. यात आठ महिने गेले आणि दोन्ही प्रयोग नेहमीसारखेच झाले.

आता माझा संबंध काय, ते सांगतो.

दोन वर्षांचा असताना मला पोलिओ झाला. डावा पाय गेला. कॅलिपर घालून शाळा केली, नोकरी केली आणि नाटकही केलं. अभिनय अंगात नव्हता, पण प्रकाशयोजना जमली. लाइटची केबिन बहुतेक ठिकाणी प्रेक्षागृहाच्या मागच्या बाजूला, वर असते आणि तिथे जायला अरुंद लोखंडी जिना असतो. उजव्या हाताने कठडा धरायचा, शरीर वर खेचायचं, मग पाय. तीस वर्षं मी असे जिने चढलो. पन्नाशीनंतर चांगला पायही थकला, खांदे गेले आणि चार वर्षांपूर्वी व्हीलचेअर आली. त्या दिवसापासून केबिन बंद. हल्ली कॉलेजचा एक मुलगा वर बसतो आणि मी खालून फोनवर सांगतो, "तिसरा हळू घे, अजून हळू, आता सोड." माझी नेमणूक आता मार्गदर्शक अशी आहे. (मार्गदर्शक म्हणजे ज्याला सत्काराला नारळ मिळतो आणि तालमीची वेळ कळवायची राहून जाते तो.)

प्रेक्षक म्हणून काय होतं तेही सांगतो. दिवाळीनंतर एका प्रयोगाला गेलो होतो. दारापुढे तीन पायऱ्या. आमच्या ग्रुपमधली पोरं धावून आली. "काका, टेन्शन कशाला घेताव? आमी हाय की!" चौघांनी खुर्ची उचलली. पुढच्या एकाने धरलं फूटरेस्ट. ते काढता-घालता येणारं असतं, उचलायला धरायचं नसतं, पण हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या पायरीवर ते त्याच्या हातात आलं. खुर्ची पुढे कलली. मी पडलो नाही, मागच्या दोघांनी ओढून धरलं. माझी चप्पल मात्र घरंगळत खाली तिकिटाच्या रांगेपर्यंत गेली. एका बाईंनी ती उचलून माझ्या हातात आणून दिली. चप्पल मांडीवर घेऊन मी आत गेलो तेव्हा तिसरी घंटा होऊन गेली होती. पोरांचा राग नाही. त्यांची मनं मोठी आहेत. पण एक तिकीट काढून चौघांचे उपकार घ्यायचे, हा दर मला परवडत नाही.

आणखी एक गोष्ट, जी सहसा कुणी लिहीत नाही. नाटक असेल त्या दिवशी दुपारी तीननंतर मी पाणी पीत नाही. नाट्यगृहातल्या स्वच्छतागृहाचा दरवाजा माझ्या खुर्चीपेक्षा अरुंद असतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, हे आपल्याला सांगायला नको. त्या दिवसांत प्रयोग असला की बायको म्हणते, "नाटक बघायला चाललाय की उपास करायला?"

आता तक्रारी.

पहिली तक्रार वर आलीच आहे : नाटक संस्कृतीत बसतं, माणूस कल्याणात बसतो, आणि नाटकाला आलेला माणूस कुठेच बसत नाही. मला हे नुसतं गैरसोयीचं वाटत नाही, कायद्याच्या उलट वाटतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम २९ खास संस्कृती आणि मनोरंजनाविषयीच आहे. दिव्यांग कलाकारांना आणि लेखकांना साहाय्य देणं, कला दिव्यांगांच्या आवाक्यात आणणं हे त्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे ही दोन टेबलं कायद्याने आधीच जोडलेली आहेत. त्याच कायद्यात सार्वजनिक इमारतीची व्याख्या आहे. खासगी मालकीची असली तरी लोक जिथे सांस्कृतिक कामासाठी येतात ती इमारत त्यात मोडते. अस्तित्वात असलेल्या अशा इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, करायच्या होत्या. नियम निघाले जून २०१७ मध्ये. पाच वर्षं संपली जून २०२२ मध्ये. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचा नियम १५ नुसता शिफारशीसारखा आहे म्हणून कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक मानकं तीन महिन्यांत करायला केंद्राला सांगितलं. ज्यांना वाटतं की रॅम्प म्हणजे दयेचा विषय, त्यांच्यासाठी हे लिहिलं.

दुसरी तक्रार अशी, की जिथे पैसे खर्च झाले तिथेही कुणी विचारलं नाही. आपल्या जिल्ह्यातल्या एका सभागृहाला मागे रॅम्प झाला. फीत कापली, फोटो आले. मी हौसेने गेलो. चढायची उंची दीड फूट. मान्य प्रमाण एकास बारा, म्हणजे दीड फूट चढायला अठरा फूट लांबी हवी. केलेला रॅम्प सहा फुटांचा होता. एकास चार. त्याला घसरगुंडी म्हणतात. मी अर्ध्यात पोचलो आणि खुर्ची उलटी मागे यायला लागली. गेटजवळच्या चहावाल्याने किटली खाली टाकून मला धरलं. चहा सांडला, त्याचे पैसेही तो घेईना. हल्ली त्या रॅम्पवरून साउंडवाल्यांचे बॉक्स वर जातात, आणि मंत्री येणार असतील तेव्हा दोन्ही बाजूंना कुंड्या ठेवतात. काम करण्याआधी व्हीलचेअर वापरणाऱ्या एका माणसाला दहा मिनिटं बोलावलं असतं तर तो पैसा कामी आला असता.

तिसरी तक्रार जरा लांबण लावते, कारण ती माझ्या भाचीची आहे. ती जन्मापासून ऐकू शकत नाही. तिला नाटकाचं वेड आहे, घरचं वारं लागलंय. ती माझ्या शेजारी बसते. हशा पिकला की ती आधी माझ्या तोंडाकडे बघते, मी हसतोय का ते पाहते, मग हसते. अर्धा क्षण उशिरा. हे मी इतकी वर्षं पाहत आलोय. एकदा विनोद मलाही आवडला नाही, मी हसलो नाही, तर ती अख्ख्या अंकात हसलीच नाही. मला फार अपराधी वाटलं.

मग आम्ही घरच्या घरी एक प्रयोग केला. दोन अंकांच्या आमच्या नाटकाची संहिता मी आणि तिने संगणकावर बसवली, एका वेळी दोन ओळी. साडेनऊशे स्लाइड झाल्या. जुना प्रोजेक्टर मित्राकडून आणला, पांढरी चादर ताणली. ही चादर सोलापुरी नाही, सोलापुरी चादरीवर अक्षर दिसत नाही, तिच्या नक्षीत सगळे संवाद हरवतील. रंगीत तालमीला भाचीने बटण दाबायला पुतण्याला बसवलं. पहिल्या अंकात आमच्या नायकाने दीड पान गाळलं. पुतण्या घाबरला, स्लाइड मागे-पुढे करू लागला, आणि नायिका रडत असताना पडद्यावर नोकराचं वाक्य आलं, "बाईसाहेब, चहा ठेवू का?" सगळे हसले. भाचीही हसली, आणि या खेपेला ती सगळ्यांच्या बरोबर हसली. माझ्याकडे न बघता.

त्या तालमीला आमच्या गल्लीतले तीन-चार म्हातारे येऊन बसले होते. पूर्व भागातली माणसं, उभं आयुष्य यंत्रमागावर गेलेलं. मागाच्या खटखटाटात तीस-चाळीस वर्षं उभं राहिलं की कान जातात, हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही. घरी टीव्ही मोठ्याने लावतात आणि सुनेची बोलणी खातात, एवढाच त्यांचा इलाज. त्यातल्या एकाने तालीम संपल्यावर मला विचारलं, "हे लिहिलेलं रोज लावणार का? मला नाटक पहिल्यांदा कळलं." या माणसाकडे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नाही, तो काढणारही नाही. आपल्या एकाही रकान्यात तो बसत नाही. तेव्हा 'लाभार्थी किती' हा प्रश्न मला विचारताना प्रमाणपत्रं मोजू नका. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. तेव्हा आठ प्रकार मोजले होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस आहेत. आणि माझ्या गल्लीतला तो विणकर या दोन्ही हिशेबांच्या बाहेरच आहे.

न दिसणाऱ्यांचं थोडक्यात सांगतो. आमचे अण्णा निवृत्त संगीतशिक्षक, पेटी वाजवतात, जन्मांध. नाटकात मी त्यांच्या कानात कुजबुजायचो, "आता ती खिडकीशी गेली, पाठ केलीय." पुढच्या रांगेतून "शूऽऽ" यायचं, आणि ते बरोबरच होतं. मग मी बाहेर व्हरांड्यात जाऊन दाराच्या फटीतून बघत फोनवर सांगायला लागलो, अण्णांच्या एका कानात इअरफोन. खर्च शून्य. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या अरीना स्टेज या नाट्यगृहात १९८१ पासून दृश्यवर्णनाची रीतसर सोय सुरू झाली. ती बसवण्यात मार्गारेट फॅनस्टील या स्वतः अंध असलेल्या बाईंचा पुढाकार होता. आपल्याकडे चित्रपटगृहांसाठी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली : कर्णबधिरांसाठी मथळे (म्हणजे पडद्यावर लिहून दाखवलेले संवाद), अंधांसाठी दृश्यवर्णन. नाटकाच्या वाट्याला अजून दाराची फट आहे.

शेवटची तक्रार रंगमंचाच्या आतल्या बाजूची. दिव्यांग म्हटलं की आपल्याला प्रेक्षकच आठवतो, तोही पहिल्या रांगेच्या कडेला, जाण्या-येण्याच्या वाटेत. राज्याचं सांस्कृतिक कार्य संचालनालय दिव्यांग बालनाट्य स्पर्धा घेतं. चांगलं आहे, मुलं जीव तोडून काम करतात. पण ही मुलं मोठी झाली की कुठल्या रंगमंचावर जाणार? विंगेतून वर जायला पायऱ्या, मेकअप रूम पायऱ्या उतरून, लाइटची केबिन जिन्यावर. एकदा बक्षीस दिलं आणि पुढे पायऱ्या ठेवल्या, असं होतंय. ज्या गावाने रामजोशींसारखा शाहीर दिला त्या गावात कलावंताने रंगमंचावर चार माणसांच्या खांद्यावरून यावं, हे मला पटत नाही. खांद्यावरून नेण्याची वेळ प्रत्येकाला येतेच, आधी कशाला!

गड्ड्याच्या जत्रेत मी खुर्ची घेऊन होम मैदानावर एकटा फिरतो. धूळ खातो, भजी खातो, पाळण्याखाली उभा राहून नातवाला हात करतो. तिथे माझ्यासाठी खास काही केलेलं नाही. फक्त जमीन सपाट आहे.

आता आपण म्हणाल, नाट्यगृहांच्या नूतनीकरणाचे आराखडे आहेत, त्यात हे सगळं येणारच. येऊ दे. आराखडा, अंदाजपत्रक, निविदा, फेरनिविदा, मग पावसाळा. तोवर दरवर्षी प्रयोग होत राहणार आणि माणसं दाराशी उभी राहणार. म्हणून आम्ही मोठं काही मागत नाही. लहान रक्कम, थेट नाटक करणाऱ्याच्या हातात, पुढच्या प्रयोगाआधी. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात कलासंस्थांना नेमक्या याच कामासाठी लहान अनुदानं दिली गेली आहेत : दुभाषे, मथळे, दृश्यवर्णन, दार-रॅम्प. यातली खुबी रकमेत नाही. ज्या संस्थेने एकदा दुभाषा बोलावला, तिच्याकडे पुढच्या वर्षी कर्णबधिर प्रेक्षक स्वतःहून चौकशी करतात. मग संस्थेला ती सवय सोडता येत नाही. सवय लावायला पहिले पैसे लागतात, इतकंच.

पैसे नाहीत असं मात्र म्हणू नका. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा राज्याचा नियम आहे. त्यातून घरघंट्या आणि शिलाई मशीन वाटली जातात, त्याला माझी हरकत नाही. पण दिव्यांग माणसाला पीठ दळण्यापलीकडे, टाके घालण्यापलीकडे एखादी संध्याकाळ असते, हेही त्यात कुठेतरी धरा.

मागण्या अशा आहेत.

कला संस्थांच्या सुगमतेसाठी वेगळं, लहान अनुदान सुरू करा. एका संस्थेला वर्षाला १०,००० ते ५०,००० रुपये. ते कुठल्या टेबलावर ठेवायचं ते आपण आपसात ठरवा, आम्हाला एकच खिडकी दाखवा. अर्ज मराठीत आणि एका पानाचा असावा, निर्णय तीस दिवसांत कळावा. नाही म्हणायचं तर कारण लिहून नाही म्हणा.

पैसे आधी द्या. 'खर्च करा, बिलं जोडा, मग बघू' ही पद्धत मोठ्या संस्थांना झेपते. आमच्या खजिनदाराकडे सध्या तीन हजार सातशे रुपये आहेत.

अनुदान फक्त बांधकामाला नको. दुभाष्याचं मानधन, मथळे करण्याचं काम, ब्रेल छपाई, कार्यकर्त्यांना अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण (फूटरेस्ट धरू नये, वगैरे) यालाही ते चालावं. रॅम्प एकदाच लागतो, माणूस दर प्रयोगाला लागतो.

मंजुरी देणाऱ्या समितीत किमान दोन दिव्यांग सदस्य असावेत. निमंत्रित म्हणून नकोत, मत देणारे हवेत. आणि बैठक तळमजल्यावर घ्या. हे लिहावं लागतंय, कारण मागे मला एका सुगमतेच्या बैठकीचं बोलावणं दुसऱ्या मजल्यावर आलं होतं आणि लिफ्ट बंद होती.

ज्या सभागृहांना सार्वजनिक पैसा मिळतो त्यांनी बुकिंगच्या फॉर्मवरच छापावं : पायऱ्या किती, दाराची रुंदी किती, स्वच्छतागृहात खुर्ची जाते का, रंगमंचावर जायला वाट आहे का. यासाठी एक रुपयाही लागत नाही. मीटरची पट्टी लागते. ती मी घेऊन येईन.

'दिव्यांगांना मोफत प्रवेश' असं जाहिरातीत छापणं तूर्त थांबवा. आम्ही तिकीट काढू. प्रवेश तेवढा द्या.

आमचा पुढचा प्रयोग मार्चमध्ये आहे. अर्ज तिसऱ्यांदा, या वेळी दोन्ही टेबलांना एकाच दिवशी, हातोहात दिला आहे आणि दोन्हीकडची पोच घेतली आहे. आमचा रॅम्प सहा-सहा फुटांच्या तीन तुकड्यांचा आहे, खाली लोखंडी अँगल, वर अठरा एमएमचं प्लायवूड. त्यातला एक तुकडा आम्ही वर्गणीतून करून घेतला. तो सध्या माझ्या व्हरांड्यात पडून आहे आणि बायको त्यावर पापड वाळवते. एका तुकड्यावरून सहा इंच चढता येतं, म्हणजे बरोबर एक पायरी. दोन राहिल्यात.

आपला,
खालून फोनवर लाइट सांगणारा एक प्रकाशयोजनाकार
सोलापूर